साताऱ्याचा दुसरा दरबार



साताऱ्यात १९१७ साली एक दरबार भरला. भालदार-चोपदार नव्हते, मनसबी नव्हत्या, तनखा तर नव्हताच. छत्रपतींची गादी याच गावात होती. औरस वारस नसल्याचे निमित्त करून १८४८ साली कंपनी सरकारने ती खालसा केली. त्याच गावात पंचावन्न वर्षांच्या एका ख्रिस्ती कवीने मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि आपल्या मंडळाला नाव दिले ‘देवाचा दरबार’. कवीचे नाव नारायण वामन टिळक. राजा एकच, येशू ख्रिस्त. दरबारी म्हणून बाप्तिस्मा घेतलेले चालत होते आणि न घेतलेलेही. येशूला गुरू आणि धनी मानले की प्रवेश मिळे.

आदल्याच वर्षी, १९१६ मध्ये, दुसऱ्या टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली होती. लोकमान्यांना देशाचे राज्य देशाच्या हाती हवे होते. नारायण वामनांना स्वतःवरचे स्वतःचे राज्य खाली उतरवून ठेवायचे होते. या दोन इच्छा एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे वरवर वाटते, पण नारायण वामन हे कडवे देशाभिमानी कवी होते. परक्या मिशनच्या हुकमतीखालून हिंदी ख्रिस्ती मंडळी बाहेर निघाली पाहिजे, हा त्यांचा ध्यासच होता. मग हा माणूस नेमके कोणते राज्य सोडत होता आणि कोणते मागत होता?

स्मृतिव्याख्यानांत सहसा गेलेल्यांचा गौरव होतो आणि ऐकणारे प्रसन्न मनाने घरी जातात. आजच्या विषयात ती सोय नाही. ‘ख्रिस्त माझ्या जीवनाचा राजा आहे’ हे वाक्य उपासनेत उभे राहून म्हणायला सोपे असते. ते खरे की खोटे हे सोमवारी, बाजारात, स्वयंपाकघरात आणि पगाराच्या तारखेला कळते. म्हणून या व्याख्यानाला साक्षीदार हवेत, आणि तेही घरातले. महाराष्ट्राचे भाग्य असे की असा एक साक्षीदार मराठी साहित्याने जपून ठेवला आहे. तो साक्षीदार म्हणजे नारायण वामनांची पत्नी, लक्ष्मीबाई टिळक.

पण त्याआधी मराठी श्रोत्याच्या मनातली शंका बाजूला सारता येणार नाही. ख्रिस्ताला राजा म्हटले की इथल्या माणसाला आधी दुसरेच राजे आठवतात. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला तेव्हा क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरले. पूर्वेकडच्या चर्चचा कारभार पोपने पोर्तुगालच्या राजाच्या पदरात घातला होता. बिशप कोण नेमायचा हेही लिस्बनला ठरे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. देवाच्या राज्याच्या नावाखाली माणसाचे राज्य कसे चालते, याचा एवढा लांबलचक पाठ जगात फार थोड्या ठिकाणी मिळाला असेल. त्याच गोव्यात, त्याच काळात, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. ज्या राजाची कथा तो सांगत होता तो गाढवावर बसून राजधानीत शिरतो आणि शिष्यांचे पाय धुतो. बाहेरचा कारभार आणि आतली कथा यांच्यात इतके अंतर असताना ऐकणाऱ्याने कोणत्या राजावर विश्वास ठेवायचा?

शुभवर्तमानांतला राजा आहेच मुळी चमत्कारिक. लोक त्याला बळेच राजा करायला येतात तेव्हा तो डोंगरावर निघून जातो. रोमन सुभेदारापुढे उभा केल्यावर मात्र तो राजेपण नाकारत नाही, फक्त आपले राज्य या जगाच्या रीतीचे नाही असे सांगतो. त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवतात तो थट्टेने. क्रुसावर तीन भाषांत पाटी लागते तीही राजा म्हणूनच. त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत देवाचे राज्य येण्याची मागणी आधी आहे आणि भाकरीची नंतर. हा क्रम पाठ सगळ्यांनाच असतो. महिना कोरडा जाऊ लागला की तो पाळणे जड जाते.

कॅथलिक चर्चने ख्रिस्तराजाचा सण सुरू केला तो अगदी अलीकडे. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ च्या परिपत्रकाने तो लावून दिला. पहिल्या महायुद्धात चार साम्राज्ये कोसळली होती, इटलीत मुसोलिनीने पाय रोवले होते आणि राष्ट्र नावाचा नवा देव सगळीकडे नैवेद्य मागत होता. अशा वेळी सर्वांच्या वर एक राजा आहे हे बजावणे हा सणामागचा हेतू. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होई. नंतर उपासनेच्या पंचांगात फेरबदल झाला आणि तो आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी आला. वसईच्या धर्मग्रामांत आणि गोव्याच्या चर्चमध्ये आजही तो साजरा होतो. सणाचा उपयोग दोन्ही अंगांनी झाला. मेक्सिकोत १९२७ साली मिगेल प्रो या जेझुइट धर्मगुरूला गोळ्या घालण्यात आल्या तेव्हा मरताना त्याने ख्रिस्तराजाचा जयजयकार केला. स्पेनमध्ये पुढे त्याच राजाच्या नावाने हाणामाऱ्या करणाऱ्या टोळ्याही निघाल्या. राजाचे नाव घेणाऱ्याने स्वतःची गादी सोडली आहे की तिच्यावर फक्त नवी गादी अंथरली आहे, हे जयजयकारावरून ओळखता येत नाही.

तर मग टिळकांच्या घरी जाऊ.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना एक युरोपियन भेटला. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर गेले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता हिंदी पाळकाच्या हातून. या एका तपशिलात पुढचा सारा माणूस दिसतो. शरण जायचे ते ख्रिस्ताला. मिशनच्या बंगल्याला शरण जाण्याचे कारण नाही. वरकरणी हे हट्टाचे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या लेखी दोन धन्यांमधला फरक एवढा साधा होता.

बायकोला मात्र त्यांनी विचारले नव्हते. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, टोकाचे सोवळे पाळणाऱ्या बापाच्या घरात वाढलेली ही बाई या बातमीने कोसळली. त्यानंतरची काही वर्षे तिने नवऱ्यापासून दूर, पंढरपूर-नाशिककडच्या नातेवाइकांत काढली. सवाष्ण असून विधवेसारखी, पदरात लहानगा दत्तू. ख्रिस्ताला स्वतःचे राज्य देऊन टाकण्याची किंमत इथे दुसऱ्याच कोणी भरली. टिळकांची चरित्रे हा भाग दोन पानांत उरकतात. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तो उरकत नाही. आणि तरीही त्या पुस्तकात कुठे रडगाणे नाही, हा चमत्कारच म्हणायचा.

पुढे ती नगर जिल्ह्यात नवऱ्याकडे आली ती आपली चूल, आपले सोवळे घेऊन. टिळकांनी तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही, आणि हे त्यांच्या बाजूने ठळकपणे नोंदवले पाहिजे, कारण त्यांचा स्वभाव सक्तीचाच होता. तापट, लहरी, क्षणात घर सोडून चालते होणारे आणि क्षणात रडून परत येणारे. एकेक करत तिचीच बंधने गळाली. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे तिला एके दिवशी आपले आपण पटले, आणि पटल्यावर तिने वाट पाहिली नाही. कोणाच्याही हातचे खायचे हे त्याच दिवशी ठरले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला रेल्वेच्या डब्यात पुस्तक मिळाले होते. तिला तोच निर्णय पाण्याच्या घागरीपाशी आणि जेवणाच्या पानावर करावा लागला. कोणता अवघड, याचे उत्तर स्वयंपाकघरात वावरलेल्याला विचारावे.

टिळकांनी काय काय सोडले? जात सोडली, घराणे सोडले, वतनदारीची आशा सोडली. पैसा तर त्यांच्या हातात ठरतच नसे. दुष्काळात आणि प्लेगात पोरकी झालेली मुले ते उचलून घरी आणत. बालकवी ठोंबरेंसारखा हळवा कवी नगरला त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. उद्याची चिंता करू नये हे वचन त्यांनी इतके शब्दशः घेतले होते की उद्याची चिंता सगळी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. काय सोडले नाही, ते लक्ष्मीबाई सांगतात: राग. राग त्यांनी राजाच्या पायाशी वारंवार नेऊन ठेवला आणि वारंवार परत उचलला. ख्रिस्ती मंडळींत याला समर्पण म्हणतात आणि साक्ष देताना ते एका दिवसात घडल्यासारखे सांगितले जाते. टिळकांच्या घरात ते चोवीस वर्षे चालले आणि तरी पुरे झाले नाही. पवित्र माणसांच्या घरी असे होते हे सांगायला पत्नीच लागते.

१९१७ चा दरबार हा त्या साऱ्याचा शेवटचा डाव. मिशनच्या पगारावर जगणारा प्रचारक हा नोकर असतो आणि लोक त्याला नोकरच समजतात, हे त्यांना दोन तपांच्या अनुभवाने कळले होते. म्हणून संन्यास घेतला, पण बायकामुलांसह. ख्रिस्ती आणि ख्रिस्ताकडे ओढ घेणारे हिंदू यांना एकत्र बांधायचे आणि वर कोणा परदेशी मंडळाची सत्ता नसेल असे बंधुमंडळ उभारायचे, असा बेत होता. कल्पना भव्य होती, मांडणी कच्ची होती आणि वेळ फार थोडा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेल्या. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. मात्र त्यांच्यामुळे भारलेल्या जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि त्या संघात पाच वर्षांनी व्हेरिअर एल्विन नावाचा तरुण येऊन दाखल झाला. मराठी मंडळींच्या उपासनेत मात्र टिळकांचा दरबार रोज भरतो. त्यांची दोनशेहून अधिक पदे गीतपुस्तकात आहेत आणि नगर-जालन्याच्या खेड्यांत ती टाळ-मृदंगावर म्हटली जातात. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांत ती वाट उघड दिसते. विठ्ठलाला राणा म्हणणाऱ्या मुलखात देवाला राजा म्हणायला वेगळे शिकावे लागत नाही.

दुसरा साक्षीदार वेगळ्या घडणीचा.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. आईबाप आणि बहीण उपासमारीत गेलेली, भाऊ गेलेला, नवरा दीड वर्षाच्या संसारानंतर गेलेला, कडेवर मुलगी मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिलेल्या. अशी बाई शरण आली म्हणजे आता सांगू ते ऐकेल, असे तिच्या इंग्रज गुरुभगिनींना वाटले असल्यास नवल नाही. तसे झाले नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. श्रद्धा आणि आज्ञापालन यांवरचे इतके धारदार भांडण आपल्याकडे दुसरे नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवले. रमाबाईंनी विचारले, माझ्या शास्त्री बापाला जे खटकले नाही ते तुम्हांला का खटकते? क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद झाला. अंडी घातलेली खीर न खाण्यावरूनही झाला. शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आणि मूळ मुद्दा त्यांनी स्पष्ट केला: भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून आले आहे, आता त्याच जातीचे दुसरे जोखड खांद्यावर घेणार नाही. देवाची आज्ञा मानायची, पण ती काय आहे हे समजून घेण्याचा अधिकार त्या कोणाच्या स्वाधीन करणार नव्हत्या.

जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. आजच्या वाचकाला स्वाभिमान दिसतो. दोघांचेही थोडे चुकते. रमाबाईंनी पुढे १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे बोलणाऱ्या बाईला स्वतःच्या बुद्धीचे राज्य किती बळकट आहे हे चांगले ठाऊक होते. १८९१ च्या सुमारास त्यांनी ते उतरवले. त्यानंतर त्या मवाळ झाल्या का? उलट झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. बॉस्टनच्या मंडळाचा पैसा होता, अट होती की धर्मप्रचार करायचा नाही, आणि सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांसारखी मातब्बर माणसे होती. १८९० मध्ये सदन पुण्यात आले. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. दार लावून घ्या, एवढी साधी तोड सुचवली गेली. रमाबाईंनी दार लावले नाही. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांची बाजू इथे सरसकट खोटी नव्हती. विधवांच्या शिक्षणाला समाजाची मान्यता मिळवणे किती नाजूक काम होते ते रानडे जाणत होते, आणि कबूल केलेल्या तटस्थपणाचा अर्थ काय यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकत होता. पण त्या दारापाशी रमाबाईंचा राजा कोण हे ठरले. मदत देणारे लोक राजा होऊ शकत नव्हते.

सरकारही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली बायकांची जी विटंबना चालली होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र छापले. सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर तिचे काय झाले, हा त्यातला मुद्दा होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले आणि प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून गोऱ्यांची झाली, असे म्हणणाऱ्यांकडे या पत्राला उत्तर नव्हते.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेने घर गमावलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवायला परवानगी नव्हती. दौंडच्या अलीकडे, रेल्वेच्या कडेला केडगावला जमीन घेतलेली होती. तिथे आधी तंबू पडले आणि मग ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ‘स्वतःचे राज्य सोडले’ या वाक्याला इथे वजन येते. दोन हजार तोंडांचे धान्य, विहिरींचे पाणी, कपडे, औषधे. शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, माग, छापखाना, आणि अंध मुलींसाठी वेगळे सदन, जिथे मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. वर्गणीचे आवाहन करायचे नाही, देवाला सांगायचे, असा नेम. ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी अनाथालय याच रीतीने चालवले होते. ऐकायला हे भाबडे वाटते. पण हिशेबाच्या वह्या चोख होत्या आणि कामात ढिलाई खपत नसे. २९ जून १९०५ च्या सुमारास मुक्तीत जी आध्यात्मिक जागृती झाली तिची चर्चा देशोदेशी झाली. मुली तासन्‌तास रडत, पापे कबूल करत, प्रार्थना करत. त्यावर बरेच लिहिले गेले आहे. पण त्या जागृतीच्या काळातही सकाळी घाणा सुरू व्हायचाच होता आणि चुली पेटायच्याच होत्या. हे लिहिणाऱ्यांच्या सहसा नजरेतून सुटते.

रमाबाईंच्या समर्पणात एक बाजू मात्र अशी आहे की तिच्याबद्दल शंका बोलून दाखवली पाहिजे. आयुष्याची शेवटची अठरा-वीस वर्षे त्यांनी बायबलच्या नव्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून भाषा साधी केली. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. या भाषांतरात त्यांनी हिंदू पूजापाठाचा वास येणारे संस्कृत शब्द निग्रहाने टाळले. ज्या संस्कृतने त्यांना पंडिता केले, तिलाच त्यांनी दाराबाहेर उभे केले. टिळकांनी तुकाराम आत घेतला, रमाबाईंनी शास्त्रीबुवांची भाषा बाहेर काढली, आणि दोघांनीही हे एकाच राजाच्या नावाने केले. टिळकांची पदे आजही गावागावांत गायली जातात. रमाबाईंचे बायबल अभ्यासकांच्या कपाटात आहे. राजाने जे मागितले नव्हते तेही काही वेळा भक्त देऊन टाकतो आणि त्यात मराठीचे थोडे नुकसान होते, असे म्हटले तर रमाबाईंचा अपमान होऊ नये.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. ज्याने स्वतःचे राज्य सोडले त्याचा शब्द आजूबाजूच्यांवर फार चालू लागतो. देवाने सांगितले म्हणणाऱ्याशी वाद घालायचा कसा? केडगावात रमाबाईंचा शब्द अखेरचा होता. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या, शारदा सदन सांभाळले, गुलबर्ग्याला शाळा काढली, आईचा उजवा हात झाल्या आणि १९२१ साली आईच्या आधीच वारल्या. त्यांना कधी वेगळे काही हवे होते का? मनोरमाबाईंची ‘स्मृतिचित्रे’ नाहीत. टिळकांच्या समर्पणाची झडती घ्यायला घरात लक्ष्मीबाई होत्या. रमाबाईंच्या घरातून तशी झडती आपल्यापर्यंत आलेली नाही, आणि म्हणून त्या अधिक निष्कलंक वाटतात. हा त्यांचा दोष नव्हे, पण वाचताना हे ध्यानात ठेवावे.

या दोघांकडे बोट दाखवून आजच्या मंडळींनी सुटका करून घेऊ नये. मराठी ख्रिस्ती घरात संध्याकाळची प्रार्थना होते, दशमांश बाजूला काढला जातो, हंगामाच्या सणाला पहिले पीक वेदीपुढे येते. या गोष्टी लहान नाहीत. शेतकऱ्याने पहिले कणीस बाजाराआधी देवळात आणणे म्हणजे घामाच्या वस्तूवरचा हक्क थोडा सैल करणे आहे. पण एक ओसरी अशी आहे की तिथे राजाला बहुधा जोडे काढून बाहेरच थांबवले जाते. ती म्हणजे जात. नगर जिल्ह्यात ज्या मिशनने खेडोपाडी मंडळ्या उभ्या केल्या, त्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली माणसे होती, आणि एका प्रभुभोजनाच्या मेजाशी बसताना दोघांनाही जुने अंतर जाणवत राहिले. वसईत गटागटांची कुळे वेगळी आणि लग्ने बहुतेक आपापल्या गटात झाली. ब्राह्मण घराण्यांतून आलेले ख्रिस्तीही आपले आडनाव आणि त्याचा मान विसरले असे नाही. लक्ष्मीबाईंनी जे एका दिवसात केले त्याला मंडळीला पिढ्या लागल्या, आणि अजून पुरे झालेले नाही.

हा आपल्याकडचाच रोग नाही. १९३४ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बार्मेन गावी कार्ल बार्थ आणि त्यांचे सहकारी जमले. त्यांनी हिटलरच्या राज्यात धैर्याने जाहीर केले की जीवनाचा कोणताही कोपरा ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या धन्याचा नाही. या घोषणेला मोल द्यावे लागले. पण तीत ज्यूंविषयी एक शब्द नव्हता, आणि ही उणीव बार्थ यांना पुढे टोचत राहिली. सगळे कोपरे राजाचे असे लिहिताना एक कोपरा नजरेआड राहिला होता, आणि तो नेमका सर्वांत मोठा होता.

टिळक गेल्यावर लक्ष्मीबाई मुलाकडे कराचीला होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई तिथे लिहू लागली ती दत्तूला, म्हणजे देवदत्ताला, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने बाहेर आली. चौथा भाग आला त्याआधीच, १९३६ च्या फेब्रुवारीत, त्या वारल्या होत्या. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे बहुतेक सारे अध्याय याच बाईने रचले. नवऱ्याच्या रागाचा, लहरीचा, फसलेल्या बेतांचा पै-पैचा हिशेब जिने मांडला, तिनेच त्याच्या राजाची कथा पुरी केली. दोन्ही लिखाणे एकाच हाताची आणि साधारण एकाच काळातली आहेत. पहिले सगळ्या महाराष्ट्राने वाचले. दुसरे ख्रिस्ती मंडळींबाहेर फारसे कोणी उघडलेले नाही, आणि आत तरी किती जणांनी उघडले आहे, हे मंडळींनी आपापल्या घरातले पुस्तकांचे कपाट पाहून ठरवावे.